नलूची हूल

फोनवर नाव नलूचं आलं म्हणून मी उचलल्या-उचलल्या शिव्याच घातल्या. "काय वं, मेली होती का इतके दिवस? ना फोन, ना मेसेज..." पलीकडून तिच्या सुनेचा, मनीषाचा आवाज आला. "मावशी, आई गेल्या." सकाळी चहाचं आधण ठेवलं, भिंतीला टेकली आणि गेली, एवढंच. मी अकोल्यात माझ्या गॅलरीत उभी, हातात कपड्यांचे चिमटे, आणि तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची काही सोय नाही. मिळाली ती गाडी धरली, बडनेऱ्याला उतरले, तिथून अमरावतीत तिच्या घरापर्यंत रिक्षा केली. पोचेपर्यंत तिला नेलेलं होतं. अंगणात कुंकू सांडलं होतं तेवढं दिसलं. सवाष्ण गेली, हिरवा चुडा भरून गेली, भाग्याची, असं बाया म्हणत होत्या. मी ऐकत बसले.

याला आता दोनेक महिने झाले. तिच्याबद्दल लिही, असं सगळे म्हणतात. तूच तिची सगळ्यात जुनी मैत्रीण, म्हणतात. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही माहीत आहे, मी मास्तरीण होते, सुविचार फळ्यावर मीच लिहायचे. पण मी नलूवर रागावलेली आहे. भयंकर रागावलेली आहे. आणि जिच्याशी कडाकडा भांडायचं तीच भांडणाआधी उठून गेली, तर माणसानं करावं काय? म्हणून लिहिते. आधीच सांगून ठेवते, यातली नावं बदललेली आहेत, झाड बदललेलं आहे, आणि जागा कुठली ते मी सांगणार नाही. का, ते वाचता वाचता कळेल.

आम्ही दोघी राजापेठेतल्या, शेजारच्या घरांतल्या. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्या शाळेच्या मुलींचा आट्यापाट्यांचा संघ होता, आणि अमरावतीच्या कडेला एका बाजूला शेतांना लागून आमचं मैदान होतं. मैदान म्हणजे काय, कुणाची तरी पडीत जमीन. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडायच्या, त्यात आम्ही मुरूम भरायचो, चुन्याच्या पाट्या आखायचो. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, आडव्या पाट्या असतात, प्रत्येक पाटीवर एक जण अडवायला उभी असते, आणि तिला चुकवून एकेक पाटी ओलांडत टोकाला जायचं, टोकाहून परत यायचं. परत येणं म्हणजे लोण. आम्ही शेवटच्या पाटीपलीकडे खरोखरच कागदात मिठाची चिमूट ठेवायचो. जी पोरगी ती घेऊन परत यायची, तिनं ते मीठ सगळ्यांच्या जिभेला लावायचं. या खेळात पळण्याला किंमत कमी, हुलीला जास्त. आणि हूल द्यावी तर नलूनं. डोळ्यांनी उजवीकडे बघायची, खांदाही उजवीकडे टाकायची, आणि आपण तिकडे झेपावलो की ही डावीकडून पार. सरावाला मी रोज तिच्यासमोर पाटीवर उभी राहायचे, रोज ठरवायचे की आज तिच्या डोळ्यांकडे बघायचंच नाही, आणि रोज फसायचे. "सिंधे, तू भल्ली भोयी हाय वं," ती टोकावरून मीठ चाटत ओरडायची. भोयी म्हणजे भोळी.

आमच्या मैदानावर एक कडुनिंब होता. त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढं जात नाही. त्या काळी कुठलीच आई पोरीला भुंड्या हातानं घराबाहेर जाऊ द्यायची नाही. हातात काचेच्या बांगड्या पाहिजेतच. आणि बांगड्या घालून आट्यापाट्या खेळल्या तर मनगटं चिरायची. मग मैदानावर आलं की चपला काढायच्या, बांगड्या काढायच्या, आणि त्या निंबाच्या खालच्या फांदीवर अडकवून ठेवायच्या. निंबाला बांगड्या लागल्यात म्हणजे पोरी खेळून राहिल्या, असं शेतावरच्या बाया ओळखायच्या. ज्यांच्या निघायच्या नाहीत, त्यांच्या खेळताना फुटायच्या... म्हणजे वाढायच्या, फुटल्या म्हणायची चोरी. ते तुकडे अनवाण्या पायांत जाऊ नयेत म्हणून आम्ही वेचायचो आणि एका माठात टाकायचो. आमचाच पाण्याचा माठ, त्याचा गळा फुटला होता. तो आम्ही निंबाच्या बुडाशी तोंडापर्यंत पुरून ठेवला होता आणि वर फरशीचा तुकडा झाकला होता. पुढं पुढं त्याची एक रीतच पडली. संघातल्या पोरीचं लग्न ठरलं की तिनं शेवटच्या दिवशी मैदानावर यायचं, हातातली एक बांगडी काढून साबूतच माठात टाकायची, आणि मागं न बघता जायचं. कुसुमनं टाकली, ती तेल्हाऱ्याला गेली. मी टाकली, अकोल्याला आले. नलूला गावातच दिलं, भिक्षुकीचं घर, नवरा पूजा सांगणारा. ती म्हणाली, "मी तं इथंच हाय, मले काय घाई हाय? टाकीन मंग." आणि तिनं टाकली नाही.

मग काय, संसार. पोरंबाळं, नोकऱ्या, सासूसासरे. मधल्या काळात त्या बाजूला प्लॉट पडले, रस्ते झाले, विहिरी बुजल्या. मी माहेरी जायचे पण राजापेठेच्या पलीकडे जायला सवड कुणाला होती? निवृत्त झाल्यावर एकदा सहज गेले तर तिथं काहीच ओळखीचं नाही. शेत नाही, पांदण नाही, ज्या विहिरीवरून दिशा धरायची ती विहीर नाही. गल्लीत गल्ली, ट्यूशन क्लासच्या पाट्या आणि गाड्या. मी रस्त्यात उभी राहून रडले. हसाल तुम्ही, पण माझ्या आयुष्यात मी मोकळी पळाले ती तेवढ्याच जागेवर. नंतर बस पकडायला पळाले, दुधाच्या गाडीमागं पळाले, पोराच्या शाळेत पळाले. पण हात मोकळे करून, कुणी बघेल याची फिकीर न करता पळाले ती तिथंच. मला मरायच्या आधी एकदा त्या मातीवर उभं राहायचं होतं. दुसरं काही नाही.

हे मी नलूला सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. ती कणीक मळत होती. काम सुरू करायच्या आधी बांगड्या काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची सवय तिला मैदानापासून लागलेली, ती शेवटपर्यंत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग परातीकडे बघितलं आणि म्हणाली, "शोधू ना वं. मी इथंच राह्यते, मी शोधते काहीतरी करून."

आणि मग तिनं शोधलं! काय शोधलं, बाप्पा! मी अकोल्याहून यायचे, ती मला घेऊन फिरायची. कधी नाल्याच्या काठी न्यायची, कधी एका जुन्या जिनिंग मिलच्या मागं. "इथं असन काय वं?" असं मलाच विचारायची. मी म्हणायचे, नाही, सूर्य या बाजूला बुडायचा. ती कपाळाला हात लावायची, "बरोबर हाय तुह्यं." कुसुमला फोन लावायची, "कुसुमे, तुले काही आठवते का?" अशी दोन-तीन वर्षं गेली. शेवटी एका दिवाळीनंतर तिनं जाहीर केलं, सापडलं. एका मंगल कार्यालयाची गाड्या लावायची जागा. आम्ही तिघी गेलो. कुसुम तेल्हाऱ्याहून आली, गुडघ्यांना पट्टे बांधून, एसटीत धक्के खात. डांबर होतं सगळं, कडेला शोभेच्या झाडांचा एक वाफा होता. आम्ही चपला काढल्या. डांबर तापलेलं, पाय भाजत होते, तरी उभ्या राहिलो. कुसुम खाली वाकली, तिला वाकता येत नाही तरी वाकली, आणि वाफ्यातली मूठभर माती पदरात बांधून घेतली. घरी नेऊन तिनं त्या मातीत तुळस लावली. मी तर नलूच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले, की तुझ्यामुळं सापडलं वं! आणि नलू... नलू माझ्या पाठीवर थोपटत होती.

आता त्याच्या वर्षभर आधीची एक गोष्ट. माझी लेक दुसऱ्यांदा पोटुशी होती, पहिलं मूल गेलेलं. मला काही सुचत नव्हतं. नलू म्हणाली, "चाल, तुले एका ठाण्यावर नेते. लेकीसाठी ओटी भर." मी देवभोळी नाही, पण लेकीचा प्रश्न आला की कसली मास्तरीण आणि कसलं काय. रिक्षानं दहा गल्ल्या फिरवून तिनं मला एका देवीपाशी आणलं. घरांच्या मधोमध कोपऱ्यातली लहानशी जागा. फरशी बसवलेला ओटा, त्यावर हारफुलांखाली झाकलेली देवी, वर पत्र्याचं छप्पर, त्यातून वर गेलेलं मोठं झाड, त्याला लाल फडकं, शेंदूर, आणि फांद्यांवर बांगड्याच बांगड्या. नलू म्हणाली, "इथं चपला काढा लागते, आन् हातातली एक बांगडी काढून झाडाले अडकवा लागते. या देवीले तसंच चालते." मी अडकवली. मग तिनं पुडी सोडली, चिमूटभर मीठ माझ्या तळहातावर ठेवलं. "जिभेले लाव." मी लावलं. आणि माझ्या डोक्यात काहीही, अगदी काहीही आलं नाही! मी देवीपुढं डोकं टेकलं, खण-नारळ ठेवला, नाक घासलं. माझ्या मागं नलू उभी होती. पुढं लेकीला मुलगा झाला, धडधाकट. मी परत येऊन देवीला पेढे ठेवले. नलूला म्हटलं, "तुझी देवी पावली बाई." ती म्हणाली, "माही कायची? तुहीबी हाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते वर्गात मी किती पोरांना समजावून सांगितलं असेल.

तेरवी झाल्यावर आठवड्यानं मी पुन्हा अमरावतीला गेले. नलूचे यजमान, गुरुजी, एकटेच बाहेरच्या खोलीत बसले होते. म्हातारा माणूस, बोलणं आधीच कमी, आता आणखी मंद. मी म्हटलं, त्या देवीकडे जाऊन येऊ का, नलूनं मला नेलं होतं. त्यांचा चेहराच उजळला. म्हणाले, "सिंधूताई, ते ठाणं तिनंच ओळखलं, माहीत आहे ना तुम्हाला?" मला माहीत नव्हतं. मग ते सांगायला लागले. त्या भागात प्लॉट पडले तेव्हा एकानं पायव्याच्या पूजेला त्यांना बोलावलं होतं. सामान धरायला नलू सोबत गेली. झाड तोडायचं ठरलेलं होतं. बुडाशी कुदळ लागली आणि खडखड आवाज आला. फरशी निघाली, खाली एक माठ निघाला, माठात काठोकाठ बांगड्यांचे तुकडे. आणि त्यात काही बांगड्या साबूत. "कामावरच्या बाया कुदळी टाकून मागं सरल्या. मीही पोथी छातीशी धरून त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो, खोटं कशाला सांगू? आणि ही पुढं गेली. माठापाशी बसली. हात घातला आत, आणि अशी रडायला लागली, अशी रडायला लागली... सगळे म्हणाले, अंगात आलं. मग उठली आणि त्या प्लॉटवाल्याला म्हणाली, 'हे ठाणं हाय. इथं कोणी खोदाचं नाई. या झाडाले कोणी हात लावाचा नाई.' तो बिचारा पायाच पडला. तेवढा कोपरा सोडला त्यानं."

माठ म्हटल्यावरच मला कळलं होतं. ओठांवर शब्द आले होते, की गुरुजी, कसली देवी घेऊन बसलात, त्यात माझी जांभळी बांगडी आहे, पिवळ्या ठिपक्यांची, रहाटगावच्या जत्रेतली! एवढ्यात त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "तिला त्या दिवशी काय दिसलं, ते मला तिनं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, धीर झाला नाही. पण त्या दिवसापासून मी तिला कधी उलटून बोललो नाही. तुम्हाला सांगितलं का हो तिनं कधी?"

मी म्हटलं, "नाही. मला काही बोलली नाही."

हे खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि म्हणूनच माझ्या जिव्हारी लागलं. मी मनीषाकडून पाणी मागून घेतलं, आत स्वयंपाकघरात जाऊन बसले, आणि तिथं मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. केसानं गळा कापला नलूनं माझा. मला माझ्याच मैदानावर उभं केलं, माझ्याच बांगड्यांपुढं नाक घासायला लावलं, आणि पुढच्या वर्षी मला मंगल कार्यालयाच्या डांबरावर रडू दिलं! कुसुमच्या तुळशीत पार्किंगची माती! बिचारी रोज तिला पाणी घालते, प्रदक्षिणा घालते, फोटो पाठवते. तिचे गुडघे गेले, आता ती तेल्हाऱ्यातून उठून अमरावतीला परत कधी येणार? तिला खऱ्या मातीवर उभं राहायची एक संधी होती आणि ती नलूनं खाऊन टाकली.

मला तिचं कारण कळत नाही असं नाही. आम्ही तिघी तिथं गेलो असतो तर हार घातले असते, फोटो काढले असते, इकडेतिकडे पाठवले असते. चार दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं असतं की देवी-बिवी काही नाही, शाळेच्या पोरींचा कचरा आहे. मग झाड गेलं असतं, कोपरा गेला असता, गुरुजींची अब्रू गेली असती. मैदानातलं जेवढं वाचवता आलं तेवढं तिनं वाचवलं, एका खोट्यावर. हे सगळं मी स्वतःला समजावलं. पण मला एकटीला सांगायचं होतं. ओटी भरून झाल्यावर रिक्षात बसल्यावर माझ्या कानात सांगायचं होतं. का नाही सांगितलं, तेही मला माहीत आहे. लहानपणापासून ती म्हणत आली, "सिंधे, तुह्या तोंडात तीळ भिजत नाही." बरं, नाही भिजत. आता पेपरात लिहायला बसलेच आहे, म्हणजे तिचंच खरं. पण पन्नास वर्षांची मैत्री आणि माझ्यावर एवढाही भरवसा नाही? खेळात फसले त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, तिथं ती माझ्यासमोर असायची. इथं मला वाटत होतं ती माझ्या बाजूनं खेळते आहे.

मनीषा मला रडताना बघून गडबडली. तिला वाटलं, सासूच्या आठवणीनं. तिनं दाराजवळच्या खिळ्यावरून बांगड्या काढल्या, दोनच होत्या, साध्या लाल काचेच्या. "आईंनी चहा ठेवायच्या आधी काढल्या होत्या. मला हात लावायची हिंमत होत नव्हती, मावशी. तुम्ही एक ठेवा." मी हातात घेतली. कणकेचा वाळलेला कण होता तिच्या कडेला.

देवीकडे मी एकटीच गेले. रिक्षा नाही केली, चालत गेले, दोनदा चुकले. या वेळी डोळे उघडे ठेवून बघितलं. सूर्य त्याच बाजूला बुडत होता. झाडाचं बूड केवढं जाड झालंय, पण खालची फांदी तिथंच, तशीच वाकडी. ओट्याच्या मधोमध पितळी कठडा, त्यात माठ, आता त्याला चांदीचं तोंड बसवलंय, वर हळदकुंकू. माझ्या आधी एक तरुण मुलगी होती, तिनं बांगडी अडकवली, मीठ जिभेला लावलं, डोळे मिटून काहीतरी मागितलं. मी चपला काढल्या. ओट्यावर नाही, ओट्याच्या मागं जिथं अजून माती आहे तिथं जाऊन उभी राहिले. उभं राहायचं होतं ना मला, राहिले. कुणी सोबत नव्हतं. मग पुढं आले आणि नलूची लाल बांगडी माठात टाकली. ती मुलगी वळून म्हणाली, "मावशी, बांगडी झाडाले लावतेत, माठात नाई टाकत. नवस होता काय?"

"नाही माय," मी म्हटलं, "भांडण हाय."

ती घाबरून बाजूला झाली.

निघताना झाडाच्या बुडाशी वाकले आणि दोन ओंजळी माती पिशवीत भरली. ती पिशवी आता अकोल्यात माझ्या गॅलरीत आहे. परवा कुसुमचा फोन आला होता, "सिंधे, तुळशीले मंजुळा आल्या पाह्य, शेवटी ग्राउंडची माती हाय ना वं!" मी म्हटलं, हो तर. तिला आता डोळ्यांनी पेपर वाचता येत नाही, तिच्या घरच्यांना माझे हात जोडून सांगणं आहे, हा लेख तिला वाचून दाखवू नका. पुढच्या आठवड्यात मी तेल्हाऱ्याला जाणार आहे. तिच्या तुळशीत ही माती कालवीन. ती विचारेल, हे काय टाकून राहिली वं? मी म्हणेन, खत हाय, चांगलं असते. तिच्या डोळ्यांत बघून नाही सांगणार, उजवीकडे कुठंतरी बघून सांगेन. जमेल मला, जन्मभर ते समोरून बघितलं आहे.

पण तुनं मले सांगाले पाह्यजे होतं वं, नले.